डोहाळजेवणाचं विमान

मी आयुष्यात एकच विमान बांधलं, आणि जिच्यासाठी बांधलं तिने त्यात बसायला साफ नकार दिला. आमच्या घरात कुणाचंही डोहाळजेवण निघालं की ही गोष्ट मला सांगायला लावतात. मीही लगेच सुरू करतो, कारण दुसऱ्या कुणी सांगितली तर त्यातला माझा मूर्खपणा आणखी वाढतो.

तेव्हा आमचं रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. राजधानी झालं म्हणजे काय, तर एका जुन्या इस्पितळात मंत्रालय थाटलं आणि आम्हा कारकुनांची टेबलं तिथे नेऊन टाकली. माझं टेबल होतं तिथे पूर्वी हाडांचा वॉर्ड होता म्हणे. माझ्याकडे आलेली फाइल पुढे सरकत नाही याचं कारण मी बरीच वर्षं तेच सांगत आलो. दुसरा बदल आभाळात झाला. मंत्री आले, त्यांच्या मागून हेलिकॉप्टरं आली. एखादं घरघरत तळ्यावरून गेलं की तळ्याकाठच्या बूढापारा मोहल्ल्यातली माणसं हातातलं काम टाकून गच्चीवर जायची आणि ते दिसेनासं झालं की एकमेकांना त्यात कोण होतं ते सांगायची.

माझी ताई याच बूढापाऱ्यात राहते, तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत. मी तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हाक ताईची असली तर हे अंतर बरंच मोठं धरायला हरकत नाही. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, त्या हिवाळ्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई वायुसेनेत. तो तिला पोचवायला आला, दोन घास खाल्ले आणि परत बोलावणं आलं म्हणून तसाच निघाला. सीमेवर दोन्हीकडच्या फौजा येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो कुठे गेला हे सांगायची त्याला परवानगी नव्हती. फोन यायचा तेव्हा यायचा, नाही तेव्हा नाही.

ताईने घरात कायदा केला. गरोदर पोरीसमोर लढाईचं नाव काढायचं नाही. टीव्हीवर शिलाई मशीनचं भरतकामाचं आच्छादन चढलं. भाऊजी रेल्वेतून निवृत्त झालेले, सकाळी पेपर मोठ्याने वाचायची त्यांची सवय. ते पेपर संडासात नेऊन मनात वाचू लागले आणि बाहेर येताना तोंडावर काहीच न घडल्याचा भाव आणू लागले. शेजारीपाजारी आले की लढाईला 'लग्न' म्हणायचे. तिकडचं लग्न लागतं का हो, असं कुणीतरी विचारायचं, आणि भाऊजी अगदी वधुपित्यासारखे सांगायचे की बोलणी चालू आहेत, पण दोन्ही पक्ष हट्टाला पेटलेत. भाची कोपऱ्यात मटार सोलत बसलेली असायची. मान खाली. तिला काही कळत नाही अशी आमची सगळ्यांची खात्री होती. पदवी घेतलेली, वायुसेनेच्या वसाहतीत दोन वर्षं काढलेली पोरगी, आणि तिला काही कळत नाही.

हेलिकॉप्टर आलं की मात्र ती सगळ्यांच्या आधी गच्चीवर असायची. पोट सांभाळत जिना चढायची, वर बघायची आणि खाली येऊन मटाराला लागायची. "मंत्री आहे कोणीतरी," एवढंच म्हणायची. मोठं विमान गेलं तर तेवढंही नाही.

ताईचं आणखी एक होतं. लग्न ठरलं तेव्हा मुलगा मालवाहू विमान चालवतो असं मुलाकडच्यांनी सरळ सांगितलं होतं. पण आमच्याकडे मालवाहू म्हणजे स्टेशनबाहेर उभे असलेले मेटाडोर. ताईला ते पटेना. सदर बाजारात मंगळसूत्र घ्यायला गेलो तेव्हा सोनाराने विचारलं, जावई काय करतात? ताई म्हणाली, वायुसेनेत आहेत. सोनार म्हणाला, अरे वा, फायटर? ताई नुसती हसली. त्या हसण्यातून पुढे चार महिन्यांत अख्ख्या सदर बाजाराचा जावई फायटर झाला, आणि आता सीमेवर फौजा उभ्या असताना तर त्याला खाली उतरवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. मीही कचेरीत तेच सांगायचो. माझ्या टेबलाची पत त्याने थोडी वाढली होती.

सातवा महिना लागला तशी ताईने मला हाक मारली. "हे बघ, नावेतलं झालं, बागेतलं झालं, चांदण्यातलं तर त्या पुरानी बस्तीवालीनं दोनदा केलं. माझ्या पोरीचं डोहाळजेवण विमानात होईल. तू बनव."

घरात बांबू, खळ आणि कागद यांचं काम निघालं की माझं नाव निघतं. कारण मी कधीकाळी एक आकाशकंदील केला होता. तो पहिल्याच संध्याकाळी पेटला, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता विमान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय येणार? मी पाचवी-सहावीत असताना एक लढाई झाली होती. भिलाईचा कारखाना जवळ, म्हणून आमच्याकडेही संध्याकाळी दिवे घालवायचा सराव चाले. बाबांनी खिडक्यांना काळा कागद लावला होता आणि आम्ही पोरं खाटेखाली बसून शत्रूच्या विमानाची वाट बघायचो. ते आलं नाही म्हणून फार वाईट वाटलं होतं मला. लढाईतलं विमान म्हणजे वरून खाली काहीतरी टाकणारं, एवढीच माझी अक्कल, आणि ती पाचवी-सहावीतच थांबलेली. त्यामुळे मी ताईला म्हणालो, बिनधास्त राहा, असं फायटर करतो की बायका जेवायचं विसरतील.

पुरानी बस्तीत एक कारागीर राहतो. गणपतीच्या विसर्जनाला रायपुरात झांक्या निघतात, म्हणजे गाडीवर उभे केलेले मोठमोठे देखावे, त्यातल्या दोन-तीन त्याच्या हातच्या असतात. त्याच्या शेडमध्ये गेलो तर एका कोपऱ्यात अर्धा शेषनाग, दुसऱ्यात रावणाची सहा डोकी, आणि मधोमध, धुळीने माखलेलं, गेल्या वर्षीचं पुष्पक विमान. पुढे मोराचं तोंड, दोन्हीकडे पंख, मधे सोनेरी मांडव. लंकेची लढाई संपल्यावर राम-सीतेला, लक्ष्मणाला, वानरांना घेऊन अयोध्येला परतणारं. मांडवात अजून एका वानराची टोपी पडलेली होती.

मी त्याला काम सांगितलं. कुणासाठी, विचारलं त्याने. भाचीसाठी म्हटल्याबरोबर त्याने उठून हात धुतले. "भांची बर हे? हव, त पइसा के गोठ झन करव." छत्तीसगढमध्ये भाची-भाच्याला मामा पाया पडतो. कौसल्येचं माहेर इथलं, म्हणून राम साऱ्या मुलखाचा भाचा, आणि त्याच्यामुळे सगळेच भाचे-भाच्या पूज्य. तेव्हा भाचीच्या कामात पैशाची गोष्ट कोण काढणार? आम्ही मराठी असलो तरी पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मीही भाचीच्या पाया पडत आलोय, ती पाळण्यात होती तेव्हापासून. आमच्या नागपूरच्या पाहुण्यांना हे उलटंच वाटतं.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या पुष्पकाचं वाटोळं केलं. मोराचं तोंड काढून टोकदार नाक बसवलं. मांडव आडवा येत होता, तो करवतीने कापून बाजूला ठेवला. सगळं राखाडी रंगवलं. तरी काहीतरी कमी वाटत होतं. मी म्हणालो, मिसाइल पाहिजेत. कारागीर म्हणाला, आहेत की. त्याने शेडच्या माळ्यावरून हनुमानाच्या थर्माकोलच्या चार गदा काढल्या, मुठी कापल्या, गोळे जरा तासले आणि मी त्या पंखांखाली दोन-दोन अशा टांगल्या. आम्ही दोघं मागे सरून बघत राहिलो. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

डोहाळजेवणाच्या सकाळी ते ताईच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं. भाऊजींनी दोन फेऱ्या मारल्या, गदेला बोट लावून पाहिलं. ताईचे डोळे पाणावले. स्वयंपाकघरात पाच प्रकारचे भात शिजत होते, भाचीसाठी फुलांचे दागिने परातीत ओल्या फडक्याखाली झाकले होते, बायका चार वाजता यायच्या होत्या. ताईने भाचीला हाताला धरून आणलं.

भाचीने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मामा, हे खाली काय लटकवलं?"

"मिसाइल."

"डोहाळजेवणाले?"

मी हसलो. ती हसली नाही. मग म्हणाली, "अन् मी बसू कुठे?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नाकापासून शेपटीपर्यंत विमान सलग होतं. बसायला जी एकच जागा होती, मांडवातली, ती मीच कापली होती. मी घाईघाईने म्हणालो की वर पंखावर एक पाट ठेवू, त्याला काय होतं. तिने मान हलवली.

"ते मिसाइल नाही नेत, मामा. बटाटे नेतात. घासलेट, ब्लँकेटं, जवानांची टपाल. वर बर्फात रस्ता बंद असते, तिथे सगळं तेच पोचवतात. अन् येताना..."

"बाई गं, नको," ताई म्हणाली.

"येताना माणसं आणतात. कोणी बसून येते, कोणी झोपून."

स्वयंपाकघरात माझी बायको कुकरची शिट्टी काढत होती ती थांबली. भाऊजींनी संडासाकडे पाहिलं. पेपर नव्हता त्यांच्या हातात, नाहीतर गेले असते.

"किती दिवस झाले फोन नाही," भाची म्हणाली, "अन् मले या घरात कोणाशी बोलताच येत नाही. तुम्ही सारे लग्न लग्न करून राहिले. माझ्या नवऱ्याचं काम लपवता, भेवही लपवता. मी यात नाही बसत. त्यांचं विमान असन तं सांगा, नाही तं मी साध्या पाटावर बसतो."

ती आत गेली आणि शेंगांचं सूप पुढे ओढून मटार सोलत बसली. रडली वगैरे नाही. रडली असती तर बरं झालं असतं, आम्हाला निदान समजूत घालता आली असती.

ताई पलंगावर बसली. ती रागावेल असं वाटलं मला. पण तिने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "मालवाहू कसं दिसते रे?"

मला कुठे ठाऊक? भाऊजींना मात्र ठाऊक होतं, संडासात वाचून. मोठं पोट असतं, म्हणाले. मागून शेपटीखालचं दार खाली उघडतं, त्यावरून सामान आत चढवतात. भाऊजींनी हे सांगताना हाताने पोट दाखवलं, आणि ते माझं दाखवलं.

मग मी पुरानी बस्तीला धावलो. कापलेला मांडव शेडमध्ये तसाच पडून होता. कारागीर, मी आणि मांडव एका सायकलरिक्षात. मांडव म्हणजे सोनेरी खांब, झालर, वर कळस. सदर बाजारातून येताना गर्दीत रिक्षा अडकली, स्कूटरवाले हॉर्न मारायला लागले, आणि नेमका तो सोनार दुकानाच्या पायरीवर उभा. मांडवातून माझं तोंड बाहेर आलेलं बघून तो म्हणाला, क्या भैया, आज राम बने हो? मी म्हणालो, नाही, वानर. तो एवढा हसला की त्याने स्वतः रस्त्यात उतरून दोन स्कूटर बाजूला करवल्या.

रंगवायला वेळ नव्हता. राखाडी विमानाच्या मधोमध सोनेरी मांडव बसवला, त्याला बाहेरून कांबळी गुंडाळून पोट केलं. नाक थोडं कापून बोथट केलं. गदा उतरवल्या. मागे भाऊजींनी खाटेची फळी तिरपी लावून दार केलं. झालं ते विमान कशासारखंच दिसत नव्हतं. पोट सुटलेलं, तोंड चपटं, कळस बाहेर आलेला.

भाची दारात येऊन उभी राहिली. या वेळी मात्र ती हसली. एवढी हसली की ताईने तिला बसवलं. मग म्हणाली, "ते म्हणतात ना, आमचं विमान अगदी तुझ्या मामासारखं दिसतं. उडते पण नीट."

जावयाचं माझ्याविषयी हे मत मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी मनाला लावून घेतलं नाही. 'उडते पण नीट' हे शब्द धरून ठेवले.

चार वाजता बायका आल्या. आम्हा पुरुषांना स्वयंपाकघरात हाकललेलं, पण दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं. भाची फुलांच्या दागिन्यांत, विमानाच्या पोटात, पायांखाली घोंगडी. एक एक बाई फळीवरून जरा वर चढायची, ओटी भरायची आणि खाली उतरायची. फळी करकरायची. समोरच्या घरातली छत्तीसगढी काकी सधौरी घेऊन आली. त्यांच्यात सातव्या महिन्यात माहेरची सात पक्वान्नं नेतात, तिला सधौरी म्हणतात. तिने टोपली आत ठेवली आणि सदर बाजारातली एक ओळखीची बाई सहज म्हणाली, "कित्ती छान. पण जावई तर फायटर चालवतात ना?"

आत भाऊजींनी माझा दंड धरला. भाचीने वर पाहिलं नाही, फक्त ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरला.

ताई हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती.

"नाही हो," ती म्हणाली. "फायटर नाही. ते सामान नेतात. बटाटे, ब्लँकेटं, जे लागन ते. अन् जखमी पोरांना घरी आणतात." तिने तबक खाली ठेवलं. "बरेच दिवस फोन नाही त्यांचा. मले लय भेव लागून राहिलं आहे."

"मलेबी, आई," भाची विमानाच्या पोटातून म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर ज्या बायका आतापर्यंत नुसत्या ओट्या भरून बाजूला होत होत्या त्या जवळ सरकल्या. कुणाचा भाऊ फौजेत होता, कुणाचा दीर. छत्तीसगढी काकीचा लेक सीमेवर रस्ते बांधायच्या कामावर होता, हे आम्हाला दहा वर्षं समोर राहून माहीत नव्हतं. काकी फळीवर बसली ती उठेचना. तिकडे खायला काय मिळतं, थंडी किती असते, ते भाचीला विचारत राहिली, आणि भाची सांगत राहिली. मग काकीने टोपलीतला एक लाडू काढून मांडवाच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला. हा त्यांच्यासाठी, म्हणाली. तिचं बघून दुसऱ्या बाईने पेढा ठेवला. तिसरीने सुपारी. अर्ध्या तासात तो कोपरा असा भरला की कांबळीचं पोट एका बाजूला खाली आलं आणि मला आतून ओरडून सांगावं लागलं की आता भार घालू नका, विमान बसेल. बायका म्हणाल्या, आत कोण बोललं? ताई म्हणाली, त्याचं तोंड बंद करा कोणीतरी. वाट्या झाकून पेढा की बर्फी ते ओळखायचा खेळ झाला, भाचीच्या हाताला बर्फी आली. बर्फी म्हणजे मुलगी.

जावयाचा फोन त्याच आठवड्यात आला. ताईने भाचीच्या हातून घेतला. एरवी ती जावयाशी बोलताना डोक्यावरचा पदर सावरून दोन वाक्यं बोलायची, बरे आहात का आणि जेवलात का. त्या दिवशी तिने विचारलं, "आज काय नेलं?" पलीकडून उत्तर आलं, आणि ती आमच्याकडे वळून म्हणाली, "कांदे." दुसऱ्या दिवशी सोनारापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की आमच्या जावयाने वर बर्फात कांदे पोचवले. टीव्हीवरचं आच्छादन मशीनवर परत गेलं. भाऊजी बैठकीत पेपर वाचू लागले, मोठ्याने, आणि लढाईला लढाई म्हणू लागले. ती लागली नाही. फौजा बऱ्याच महिन्यांनी मागे फिरल्या.

बर्फी खरी ठरली. भाद्रपदात जावई सुट्टीवर आला तेव्हा पोरगी मान धरायला लागली होती. डोहाळजेवणाचा फोटो बघून तो पोट धरून हसला आणि म्हणाला, मला हे विमान बघायचंय. मी त्याला सांगितलं की ते आता उरलं नाही, त्याचं परत पुष्पक झालं. तरी बघायचंय, म्हणाला. म्हणून आम्ही सगळे पुरानी बस्तीत गेलो, पोरीला घेऊन.

शेडमध्ये झांकीची तयारी चालली होती. विमान पुन्हा सोनेरी, पुढे मोराचं तोंड, मांडवात राम-सीता बसवलेले, वानर अजून अंगणात वाळत होते. कारागिराने हात पुसले, पोरीकडे पाहिलं आणि मला विचारलं की भांचीची लेक म्हणजे काय लागते. मला नीट सांगता आलं नाही, पण मी वाकून तिच्या इवल्या पायांना हात लावला, आणि मग त्यानेही लावला.

जावई विमानाभोवती फिरू लागला. सावकाश, एक पूर्ण फेरी. पंखावरून हात फिरवला, खाली वाकला, शेपटीपाशी थांबला. भाची माझ्या कानाशी म्हणाली, "उडवायच्या आधी ते असेच फिरतात." डाव्या पंखाखाली तो अडला. तिथे एक गदा तशीच लोंबत होती. घाईत चारांपैकी तीनच उतरवल्या होत्या आम्ही. चौथीवरही सोनेरी रंग चढला होता आणि कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"मामा, हे काय?"

"मिसाइल," मी म्हणालो.

त्याने ती दोन बोटांनी हलवून पाहिली. "हे काढा. घरी परत येतानाचं विमान आहे हे."

मी स्टुलावर चढलो. दोरीची गाठ माझीच होती, सुटता सुटेना. भाऊजींनी कात्री दिली. गदा सुटली ती थेट माझ्या कपाळावर, आणि आमच्या पोरीने आयुष्यातलं पहिलं मोठं हसू तिथे, त्या शेडमध्ये, माझ्यावर खर्च केलं.